बुरोंडीला जाताना गाडी सात वेळा बंद पडली

कराडहून बुरोंडीला एसटीनं निघालं, तर सकाळी बसलेला माणूस संध्याकाळी समुद्र बघतो. आम्ही मोटरसायकलवर गेलो आणि आम्हाला दोन दिवस लागले. गल्लीतल्या बायका विचारतात, कोकण कसं वाटलं? मी साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसते, त्यामुळं खरं सांगायचं तर मी डाव्या बाजूचंच कोकण पाहिलं. तेही थांबून थांबून.

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकतीस वर्षं आयटीआयमध्ये मुलांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवलं. आमच्या कपाटात देवाच्या शेजारी एक अर्धा कापलेला कार्ब्युरेटर होता. आत पेट्रोल कुठून येतं, हवा कुठून येते, हे दाखवायला यांनी तो स्वतः कापला होता. गाडी आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. टू-स्ट्रोक, शंभर सीसी. गेली आठ वर्षं ती शेडमध्ये गोणपाटाखाली उभी होती.

दोन वर्षांपूर्वी यांच्या हातांना कंपवात सुरू झाला. बशीतला चहा सांडायचा, शर्टाचं बटण मी लावायचे. आणि या दिवाळीत हे अचानक म्हणाले, "सुमन, बुरोंडीला जाऊ. गाडीवर."

नोकरीच्या आधी हे दोन वर्षं बुरोंडीला मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करत होते. लग्नात मला म्हणाले होते, तुला तिथला समुद्र दाखवीन. त्याला चौतीस वर्षं झाली.

निघायच्या आठवड्यात कार्ब्युरेटर मीच उघडला. हे शेजारी स्टुलावर बसून सांगायचे आणि हात माझे. मी शिवणकाम करते. काजं करणाऱ्या बोटांना ते बारीक स्क्रू अवघड नाहीत. खालची वाटी सोडवली तेव्हा आत जुनं पेट्रोल सुकून मधासारखं चिकट झालं होतं. जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पितळी स्क्रू, त्याच्या मधोमध केसाएवढं भोक. मी सुई घालायला गेले तर हे ओरडले, "सुई नाही! भोक मोठं होईल. फुंकर मार." मी फुंकर मारली. उजेडाकडे धरून पाहिलं तर भोकातून पलीकडचं आभाळ दिसलं, मोहरीच्या दाण्याएवढं.

गाडी सुरू झाली. हँडल धरलं की यांच्या हातांची थरथर थांबायची. ते पाहून हे लहान मुलासारखे हसले.

मला मात्र हसू आलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांनी आता गाडी चालवू नये, कधीतरी हात ऐन वेळी ऐकायचा नाही. मी ते यांना सांगितलं नव्हतं. पुण्याहून आमच्या निखिलनं निघायच्या आदल्या दिवशी फोन केला. "आई, कुठं बंद पडली तर पडू दे. एसटीनं परत या. गाडी मी उचलून नेतो आणि कुणाला तरी देऊन टाकतो. बाबांना सांगू, आता ती दुरुस्त होत नाही." मी बरं म्हणाले.

कराड ते अलोरे

पाटणच्या अलीकडं गाडी पहिल्यांदा बंद पडली. आधी आवाज पातळ झाला, मग दोन आचके दिले, आणि आम्ही उसाच्या कडेला आपोआप थांबलो. यांनी प्लग काढायला लावला. कोरडा होता. "पेट्रोल पोचत नाही." मग टाकीचं झाकण उघडून आत वाकून पाहिलं. पेट्रोल भरपूर होतं. नळी काढली तर धार चांगली पडत होती. "म्हणजे कार्ब्युरेटरच. वाटीतला फ्लोट चिकटतोय, पेट्रोल अडतंय." मी वाटी सोडवली, पुसली, लावली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली. यांनी माझ्याकडं अशा समाधानानं पाहिलं, जणू मी त्यांच्या वर्गात पहिली आले होते.

कोयनेच्या पाण्यावर धुकं होतं. ते रस्त्यावर यायचं आणि आमच्या अंगावरून निघून जायचं. यांच्या पाठीला गाल टेकवून मी अर्धवट डोळे मिटले होते. मध्येच एक झाड यायचं, मध्येच एक म्हैस, मग पुन्हा पांढरं. त्या धुक्यातच गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. पुन्हा झाकण, पुन्हा नळी, पुन्हा वाटी. पण या वेळी यांनी झाकण फिरवलं तेव्हा मला एक आवाज ऐकू आला. सुस्स. दमलेल्या बाईनं डोक्यावरची घागर उतरवल्यावर सुस्कारा टाकावा तसा. हे वाकून पेट्रोल बघत होते. इतकी वर्षं इंजिनांशेजारी उभं राहून यांचे कान मंद झालेत, बारीक आवाज यांना पोचत नाहीत.

कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आलो आणि खाली कोकण पसरलेलं दिसलं. कडेच्या डोंगरांमागं आणखी डोंगर, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिकट, शेवटचा तर आहे की नाही अशी शंका यावी इतका. हवा बदलली. आमच्याकडची हवा कोरडी, अंगाला न लागता जाणारी. इथली ओलसर, भाताच्या पेंढ्याचा वास असलेली.

घाट उतरून सपाटीला लागलो आणि गाडी तिसऱ्यांदा थांबली. हे म्हणाले, "इंजिन निवू दे. मी पाणी आणतो." खाली झऱ्याचा आवाज येत होता. हे बाटली घेऊन पायवाटेनं उतरले.

मी एकटीच होते. मी टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स. आत हवा ओढली गेली. झाकण परत लावलं, थोडा वेळ थांबले, आणि पदर खोचून किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

कार्ब्युरेटरला कुणी हात लावला नव्हता. मला कळलं. कपाटातला तो कापलेला कार्ब्युरेटर पुसताना यांचं बोलणं कितीदा कानावर पडलं असेल! पेट्रोल खाली उतरायचं तर टाकीत वरून हवा यायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की पंचवीस-तीस किलोमीटरनं टाकी गुदमरते. आपण पेट्रोल बघायला झाकण उघडतो, हवा जाते, गाडी सुरू होते, आणि आपल्याला वाटतं कार्ब्युरेटर पुसल्यानं झालं.

झऱ्याच्या खळखळाटात यांना इंजिन ऐकू गेलं नव्हतं; पायवाटेच्या खालच्या टोकाला यांचा शर्ट दिसला. मी गाडी बंद केली.

हे वर आले, घामानं डवरलेले. "चल, वाटी उघड." आणि मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

अलोऱ्याला यांचं बालपण गेलं. वडील कोयना प्रकल्पावर कामाला होते, कॉलनीत दोन खोल्या होत्या. आता बऱ्याच खोल्या रिकाम्या आहेत, एकीच्या खिडकीतून पिंपळ बाहेर आलाय. यांचे शाळेतले मित्र दत्ताराम जवळच्या वाडीत राहतात, त्यांच्याकडं मुक्काम केला. वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, पापुद्रा सुटलेल्या, पांढऱ्या शुभ्र. आमची ज्वारीची भाकरी थापली की परातीचा आवाज शेजारी ऐकू जातो. इथल्या भाकरीला आवाजच नाही, पाण्याच्या हातानं ती नुसती पसरत जाते. सोबत कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा.

दत्तारामभाऊ म्हणाले, "शंकर, गाडी कसली रे ही? म्युझियममदी ठेव."

"कार्ब्युरेटर त्रास देतोय. उद्या धरतोच त्याला," हे म्हणाले.

झोपताना यांनी वहीत कार्ब्युरेटरचं चित्र काढायला घेतलं. रेषा थरथरत कुठच्या कुठं गेल्या. यांनी वही मिटली. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते, झोपेचं सोंग घेऊन.

अलोरे ते दापोलीच्या अलीकडं

दुसऱ्या दिवशी चौथी वेळ चिपळूणजवळ, पाचवी खेडच्या पुढं. दर वेळी मी ठरवायचे, आता सांगू. आणि दर वेळी मनात यायचं, आणखी एकदा बंद पडली तर हे कंटाळतील, म्हणतील, चल, एसटी धरू. मी काही खोटं बोलत नव्हते. नुसती गप्प होते. दोन्हींत किती फरक आहे, हे मी त्या रस्त्यावर खूप वेळ मनात घोळवलं.

रस्ता मात्र असा होता की आपला अपराधसुद्धा विसरावा. दापोलीकडं वळल्यावर वर्दळ संपली. कापलेल्या भाताची खाचरं, त्यांत पिवळं ऊन साचलेलं. मध्येच सडा यायचा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. त्यावर गुडघाभर सोनेरी गवत, आणि वारा आला की सगळा सडा एका बाजूला सरकल्यासारखा वाटायचा. गाडीचा टुकटुक आवाज, यांच्या शर्टाचा साबणाचा वास, पायांखालून वाहत जाणारी तांबडी माती. तरुणपणी आपण असंच जायला हवं होतं, असं वाटलं. मग वाटलं, तरुणपणी मला हे दिसलं नसतं.

तिथंच गाडी सहाव्यांदा थांबली.

रस्त्याखाली जांभ्या चिऱ्यांचं एक घर होतं. खळ्यात एक बाई भात झोडत होती. तिनं वर पाहून हाक मारली, "काय झाला हो गाडीला? उन्हात कशाला बसलाव? खाली या."

गाडी ढकलत खळ्याच्या कडेला नेली. तिचं नाव विमल. पन्नाशीच्या आसपासची, उंच, आवाज खणखणीत. नवरा मुंबईला वॉचमन, मे महिन्यात येतो. ओटीवर बुद्धाची तसबीर, तिला ताज्या झेंडूचा हार.

या वेळी हे म्हणाले, "तू बस. मी उघडतो."

"अहो, मी..."

"एकतीस वर्षं उघडलाय मी. बस."

यांनी वाटी सोडवली. जेट सुटला, यांनी तो उजेडाकडं धरायला हात वर नेला, बोटं थरथरली आणि जेट उडाला. पेंढ्यात, मातीत, गवतात, कुठं गेला ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

हे गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी माती चाचपू लागले. मीही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. तांबड्या मातीत पितळेचा रंग हरवूनच जातो. यांचे हात जितके घाईनं फिरत तितके जास्त थरथरत होते.

विमलताई वरून बघत होत्या. "थांबा. हात काढा दोघांनी. चाचपून तो आणखी खाली जाईल."

त्यांनी केरसुणीनं हलकेच ती सगळी जागा झाडून एका ताडपत्रीवर घेतली. माती, पेंढा, खडे, सगळं. मग सूप आणलं आणि उकिडव्या बसून मूठ मूठ पाखडायला लागल्या. सूप वर जायचं, खाली यायचं, भुसा उन्हात सोनेरी होऊन उडायचा आणि जड ते मागं राहायचं. "भातातला खडा सापडतो, तर हा कुठं लपतोय?" त्या म्हणाल्या. आम्ही दोघं समोर बसून बघत होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्या तालानं मला गुंगी आल्यासारखं झालं.

आठव्या-नवव्या मुठीला सुपात टिक् असा आवाज झाला. विमलताईंनी दोन बोटांत जेट धरला. "हा काय?"

मी तो घेतला, पुसला, फुंकर मारली, जागेवर बसवला. विमलताई गवती चहा घातलेला कोरा चहा करायला आत गेल्या. आमच्याकडं पाहुण्याला बिनदुधाचा चहा देणं कमीपणाचं मानतात. इथं तो मानानं देतात, आणि प्यायल्यावर कळतं का ते.

हे ओटीच्या कडेला बसले होते, हात मांड्यांखाली दाबून. म्हणाले, "सुमन, हात गेले ते मला कळलं होतं. आता डोकंही गेलं वाटतं. सहा वेळा उघडला. सहा वेळा! साधा कार्ब्युरेटर आणि मला दोष सापडत नाही. पोरांना काय शिकवलं मी इतकी वर्षं?"

मला वाटत होतं मी यांच्याकडून फक्त गाडी काढून घेतेय. मी काय काढून घेत होते ते मला तेव्हा दिसलं.

"अहो," मी म्हणाले, "कार्ब्युरेटर चांगला आहे. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय."

यांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले.

"झाकण उघडताना आवाज येतो. तुम्हाला ऐकू येत नाही. झाकण उघडून लावलं की गाडी सुरू होते. मी करून पाहिलं."

"कधी?"

"काल. घाटाखाली. तुम्ही पाण्याला गेला होता."

"काल?" यांचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि त्यानंतर चार वेळा आपण तो उघडला?"

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, निखिल काय म्हणाला ते, मी बरं म्हणाले ते. हे उठले आणि खळ्याबाहेर जाऊन दगडी गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, पाठ करून बसले.

विमलताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. माझ्यासमोर कप ठेवत म्हणाल्या, "माझ्या मालकांची मुंबईतली कंपनी बंद पडली तेव्हा वर्षभर मला सांगितला नाय. मी इचारला, का नाय सांगितलात? तर म्हणाले, तू जेवली नसतीस. अहो, त्यांचा आवाज फोनवर ऐकून मी तरी कुठं नीट जेवत व्हते?" मग यांच्या पाठीकडं बघून म्हणाल्या, "चहा तुमीच नेऊन द्या. निवला तर पिणार नाय ते."

मी कप नेला. अर्धा भरलेला, सांडू नये म्हणून. यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि समोरच्या खाचरांकडं बघत प्यायला. मग म्हणाले, "झाकणाचं भोक. पहिल्याच तासाला सांगायचो. आधी साधं बघा, मग अवघड उघडा." कप गडग्यावर ठेवत म्हणाले, "डॉक्टर मला बोलले नाहीत, तरी हात माझेच आहेत. मला काय कळत नव्हतं?"

"मग का निघालात?"

"तुझ्यासारखंच. गप्प बसलो."

आम्ही परत आलो. यांनी झाकण काढून उलटं केलं, आतली चकती सोडवायला लावली. भोकात तांबडी माती घट्ट बसली होती. शेडमध्ये आठ वर्षांत कधीतरी कुंभारीण माशीनं घर बांधलं असावं. "आता दे सुई," हे म्हणाले. मी ब्लाउजला अडकवलेली सुई दिली. यांनी ती भोकात धरली आणि हात थरथरला तशी माती कणाकणानं गळायला लागली. स्थिर हाताला लागला असता त्याच्या निम्म्या वेळात भोक मोकळं झालं. यांनी हात वर करून मला दाखवला. "बघ. कामाला आला." आणि हे हसले. विमलताईही हसल्या. मला मात्र रडू आलं, डोळे मी पदरानं पुसले.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. काळ्या वाटाण्याची उसळ आणि भात. निघताना यांनी त्यांना वाकून नमस्कार केला, तर त्या "अहो, असा काय करताव!" म्हणत मागं सरकल्या.

बुरोंडी

त्यानंतर गाडी एकदाही कुरकुरली नाही. दापोली गेली, सुरूची झाडं आली, उतार आला. इंजिन असं एका सुरात चाललं होतं की थोड्या वेळानं ते ऐकू येईनासं झालं आणि नुसतं तरंगणं उरलं. मग एका वळणावर डाव्या हाताला झाडांच्या मधून काहीतरी चमकलं. मला आधी पत्र्याचं छप्पर वाटलं. ते संपेचना, तेव्हा समजलं.

"दिसला?" यांनी मान न वळवता विचारलं.

"दिसला," मी म्हणाले.

गावाच्या आधीच्या शेवटच्या उतारावर समोरून बैलगाडी आली. यांना क्लच दाबायचा होता. डाव्या हाताची बोटं लिव्हरवर होती, पण ती मिटली नाहीत. गाडीनं गचका दिला आणि बंद पडली. हळूच होतो, काही झालं नाही. माझी एक चप्पल तेवढी उडाली. बैलगाडीवाला वळून बघत निघून गेला.

हे दोन्ही पाय टेकवून तसेच बसून राहिले. मी खाली उतरून चप्पल घातली आणि पुन्हा मागं बसले. थोड्या वेळानं यांनी किक मारली.

ज्यांच्याकडं उतरलो त्या बाईंनी रात्री ताज्या बोंबलांचं कालवण केलं. आम्ही दोघं लवकर झोपलो, आणि मला वाटतं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दोघांनाही खरी झोप लागली.

सकाळी बंदरावर गेलो. होड्या परतत होत्या, बायका टोपल्या घेऊन पाण्यात उभ्या होत्या. एका होडीचं इंजिन अडखळत होतं. हे थांबले, मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "डिझेलमध्ये पाणी आहे त्याच्या." एवढा मोठा आवाज यांना अजून स्वच्छ कळतो. होडीवाल्याला हाक मारून यांनी तसं सांगितलं. त्यानं खालून फिल्टर सोडून बघितला आणि तिथूनच हात वर केला. पाणीच होतं.

मग हे वाळूत बसले, खिशातून फोन काढला आणि मला निखिलचा नंबर लावून द्यायला सांगितला. मी लावला.

"निखिल, टेम्पो घेऊन ये बुरोंडीला. गाडी न्यायचीय. आम्ही एसटीनं परततो... कुणाला द्यायची ते मी सांगीन. मी आता चालवणार नाही."

पलीकडून निखिल काहीतरी भरभर बोलला. हे ऐकत राहिले, समुद्राकडं बघत.

"नाही रे, बिघडली नाही," हे म्हणाले. "गाडी एकदम चांगली आहे. म्हणून तर द्यायची."